लिंबू फुटलं होतं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याबाईंचे. माझे वडील पीपलरावां गावातल्या एका लहान राममंदिरात पूजा करायचे. शिक्षण पाचवीपर्यंत. आई सही करायची, तीही अडखळत. त्या घरातून मी बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, शिक्षक झालो, आणि हे सगळं आत्याबाईंमुळे. त्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. धारच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. मी अकरा वर्षांचा असताना त्या उन्हाळ्यात गावी आल्या, माझी वही चाळली आणि वडिलांना म्हणाल्या, "दादा, हा इथे घंटा वाजवत बसणार नाही. मी याला नेते." आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने नेलं.

माझी शाळा हिंदी होती. मराठी फक्त घरात बोलण्यापुरती, तीही अर्धी मालवी. 'भैया'ला 'भिया' म्हटलं की आत्याबाई कानावर हात ठेवायच्या. पुढे मी कॉलेजसाठी देवासला आलो तेव्हा त्यांनी एक नियम घालून दिला. दर आठवड्याला एक पत्र, मराठीत. त्या ते पत्र लाल शाईने तपासून परत पाठवायच्या आणि खाली मोकळ्या जागेत आपलं उत्तर लिहायच्या. मोबाइल आले तरी नियम तसाच राहिला. आज मी चाळिशी ओलांडली आहे, बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो, आणि माझी पत्रं अजून लाल होऊन येतात.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे सांगायचं आहे ते ह्याच बाईंशी मी कसा वागलो त्याबद्दल आहे.

मी राहतो देवासला आणि शाळा टोंकखुर्दला. दोन वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली आणि डावा गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, चारचाकी घ्या, पण क्लचवाली नको. नवी घेणं शक्य नव्हतं. इंदूरच्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंची गाडी मिळाली. अकरा वर्षांची, चंदेरी रंगाची, मागे डिक्की असलेली, सगळं कुटुंब मावेल अशी. इंजिन लहान आणि त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यामुळे चढ आला की बिचारी थोडा विचार करून पुढे जायची. पण आत सगळं जपलेलं होतं. मागच्या काचेपाशी त्यांच्या नातवाचा एक रबरी बेडूकसुद्धा तसाच होता.

मी चालवायला शिकलो होतो मेव्हण्याच्या जुन्या व्हॅनवर. क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर, असा तिचा क्रम. डॉक्टरीणबाईंनी मला शेजारी बसवून समजावलं, "फक्त उजवा पाय वापरायचा. डाव्याला सुट्टी. थांबवून ठेवायची तर लीव्हर पी वर, चालवायची तर डी वर. आणि लक्षात ठेवा, डी मध्ये असताना ब्रेकवरून पाय काढला की ही आपली आपण चालू लागते. ॲक्सिलरेटर दाबायची वाट पाहत नाही."

मी मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे मी वर्गात रोज सांगतो.

गाडी आली ती नवरात्राच्या आधी. पूजा आत्याबाईंच्याच हातून व्हायची हे ठरलेलं होतं. आमच्या घराण्यात वाहनाच्या पूजेची एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आमचे पणजोबा धार दरबारच्या पागेत होते. दसऱ्याला घोड्याची पूजा व्हायची तेव्हा स्वार खोगिरावर बसलेलाच असायचा. लगाम घोड्याच्या मानेवर सोडून द्यायचा आणि दोन्ही हात जोडायचे. स्वार बसल्याशिवाय पूजा पुरी नाही. घोडे गेले, पण रीत राहिली. माझ्या पहिल्या सायकलची पूजा मी सीटवर बसून, पाय जमिनीला टेकवून, हात जोडून करवून घेतली आहे. गल्लीतली पोरं हसली होती. वडिलांच्या जुन्या स्कूटरची पूजाही तशीच, इंजिन चालू ठेवून. शेवटी आत्याबाई म्हणणार "चल", आणि मग चाकाखालचं लिंबू वाहनाने आपल्या दमाने फोडायचं.

देवासहून धारला गाडी मीच नेली. इंदूरच्या बायपासवर दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते आणि माझे तळवे इतके ओले झाले की मुलीने मागून रुमाल पुढे केला. बायको म्हणाली, "श्वास घ्या. सोडायचाही असतो." धारच्या तलावाजवळ पोहोचलो तेव्हा माझे दात दुखत होते, इतके घट्ट आवळलेले होते.

आत्याबाईंच्या दोन खोल्या गल्लीच्या टोकाला. दारापुढे सपाट फरशी. शेजारी पानवाला राहतो, तो गाडीत डोकावून म्हणाला, "अरे भिया, इसमें तो क्लच ही नी है! ये चलेगी कैसे?"

"ज्याला अक्कल आहे त्याच्याने चालेल," आत्याबाई म्हणाल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण पाठ ताठ. हिरवं लुगडं नेसून तयार होत्या. पानवाला हसत दुकानाकडे गेला. पुढच्या दोन चाकांखाली त्यांनी स्वतः वाकून लिंबं ठेवली. मग मला म्हणाल्या, "बैस स्वार होऊन. इंजिन चालू कर."

काडेपेटी राहिली म्हणून बायको आत गेली, तिच्या मागे मुलगी. मी सीटवर बसलो, इंजिन चालू केलं, आणि त्यांनी 'चल' म्हणताच निघता यावं म्हणून ब्रेक दाबून लीव्हर आधीच डी मध्ये टाकला. आत्याबाई तबक घेऊन गाडीच्या अगदी पुढे उभ्या. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला वाकल्या.

"नमस्कार कर."

मी हात जोडले, डोळे मिटले, मान खाली घातली. आणि आयुष्यभर सायकलीवर, स्कूटरवर, व्हॅनमध्ये जे केलं तेच केलं. सगळं सोडून दिलं. पायसुद्धा.

इंजिनाचा आवाज वाढला नाही. धक्का बसला नाही. फक्त खालून एक बारीक, ओला आवाज आला. चट्. लिंबू फुटल्याचा. मी डोळे उघडले तेव्हा समोर आत्याबाई नव्हत्या. तबक फरशीवर गोल गोल फिरत होतं.

ब्रेक कधी दाबला, लीव्हर पी वर कधी नेला, आठवत नाही. उतरलो. त्या पाठीवर पडल्या होत्या, डोकं उंबऱ्याच्या दगडापाशी, उजवा हात अंगाखाली. केसांत रक्त होतं की कुंकू, ते कळेना. डोळे मिटलेले. मी गाडीकडे पाहिलं. बंपर त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर. उजव्या चाकाखालचं लिंबू चपटं झालेलं, डाव्याखालचं अर्धं.

आतून बायकोची पावलं वाजली. तेवढ्या दोन क्षणांत मी वाकलो, हात घालून दोन्ही लिंबं ओढून काढली आणि कुर्त्याच्या खिशात कोंबली. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. भीतीला विचार करायला वेळ लागत नाही.

"काय झालं हो?" बायको ओरडली.

"पडल्या," मी म्हणालो. तो शब्द खोटा नव्हता.

मनगट मोडलं होतं आणि डोक्याला चार टाके पडले. दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "गाडी माझ्याकडे आल्यासारखी वाटली रे. लिंबं फुटली होती का?"

माझा हात खिशावर होता. कापड ओलं लागत होतं.

"नाही, आत्याबाई. पूजा अर्धीच राहिली."

त्या म्हणाल्या, "मग मलाच चक्कर आली म्हणायची."

डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. या वयात स्थिर वस्तू हलताना दिसते, म्हणाले, कानाच्या आतला तोल जातो. चक्कर थांबवायच्या गोळ्या सुरू केल्या. एकटीने बाहेर जाऊ नका म्हणाले. मी तिथेच उभा होतो.

त्यानंतरचे दिवस मी घाबरलेलाच होतो, आणि भीती दोन ठिकाणी विभागली गेली होती. एक गाडीची. देवासच्या चौकात लाल दिवा लागला की उजवा पाय ब्रेकवर इतका जोरात दाबायचो की पोटरीत गोळा यायचा. तरी भरवसा नसायचा, म्हणून लीव्हर पी वर न्यायचो आणि हँडब्रेकही ओढायचो. हिरवा दिवा लागला की हे सगळं उलटं करेपर्यंत मागे हॉर्नचा कल्लोळ. एक रिक्षावाला शेजारून जाताना म्हणाला, "सो गए क्या भिया?" समोरून कुणी म्हातारं माणूस रस्ता ओलांडताना दिसलं की मी गाडी थांबवून इंजिनच बंद करायचो. शेवटी गाडीवर कव्हर घातलं आणि पुन्हा टोंकखुर्दच्या बसला लागलो.

दुसरी भीती पत्रांची. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून पत्रं तपासून येईनाशी झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची शरम वाटली. मी लिहीत राहिलो. शाळा, हवामान, सोयाबीनची कापणी. चांगलं शुद्ध मराठी. अख्ख्या पानात एकही खरी ओळ नाही.

एका रविवारी सकाळी मी गाडी शाळेच्या रिकाम्या मैदानावर नेली. समोर एक रिकामं खोकं ठेवलं, लीव्हर डी मध्ये टाकला आणि दोन्ही पाय सीटशी ओढून घेतले. मी काहीही करत नव्हतो. गाडी निघाली. घाई नाही, आवाज नाही, माणूस जेवून शतपावली करतो तशी. खोक्याला टेकली, ते जरा वाकलं, आडवं झालं, आणि ती पुढे जातच राहिली. मी ब्रेकवर दोन्ही पाय ठेवून थांबवली. मग उतरून मैदानाच्या कडेला बसलो.

घरी आलो तर बायको कपाटापाशी उभी, हातात तो कुर्ता. धुतलेला होता, पण खिशाच्या शिवणीत एक बी अडकून राहिली होती. तिने ती तळहातावर ठेवून दाखवली.

"धुतला त्या दिवशीच सालं सापडली होती मला," ती म्हणाली. "वाट पाहत होते, की तुम्ही सांगाल."

"कशाची सालं?"

"बारावीला शिकवता ना? तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "पाय निसटला ही चूक होती. कुणाचाही निसटेल. पण त्या बाईंना तुम्ही त्यांच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावलंत."

"सांगितलं तर तोंड बघणार नाहीत माझं."

"आणि नाही सांगितलं तर? त्या बघतायत ते तोंड कुणाचं आहे?"

पुढच्या शनिवारी मी बसने धारला गेलो. सांगायचंच असं ठरवून. प्लास्टर निघालं होतं. आत्याबाई दार उघडायला आल्या, आणि मी पाहिलं, त्या डाव्या हाताने भिंत धरून येत होत्या. दारापासून खाटेपर्यंत चार पावलांचं अंतर, तेही बोटं भिंतीवरून घासत. गोळ्यांनी डोळे जड झालेले. भिंतीवर एक पुसट रेघ उमटली होती, मनगटाच्या उंचीवर, सगळ्या खोलीभर.

निवृत्त झाल्यापासून त्या संध्याकाळी मंदिराच्या ओसरीवर मुलांना मराठी वाचायला शिकवायच्या. दहा-बारा मुलं, सगळी हिंदी आणि इंग्रजी शाळांतली. मी बसलो होतो तेवढ्यात त्यातल्या दोन मुली दाराशी आल्या. "आजी, क्लास कब से?"

"कधीपासून, म्हण."

"कधीपासून?"

"आता नाही गं. मला चक्कर येते. चालता चालता तुमच्या अंगावर पडले तर?"

मुली गेल्या. आत्याबाई माझ्याकडे वळून हसल्या, पण ते हसू मी ओळखत नव्हतो. "मी कधी कशाला भ्याले नाही रे," म्हणाल्या. "आता न्हाणीघरात जायचं म्हटलं की दारातच थांबते. फरशी हलते की काय, बघत बसते. हलत नाही. पण तेव्हाही हलली नव्हतीच ना, तरी मला दिसली."

माझ्या तोंडात शब्द आले होते. मी पाणी मागितलं. त्या उठायला लागल्या, भिंतीकडे हात गेला, आणि मी म्हणालो, "बसा, मी घेतो." पाणी प्यायलो. पाचची बस पकडली. त्या बसमध्ये मी कसा बसलो होतो ते लिहवत नाही.

दोन दिवसांनी थोरल्या काकांचा फोन आला. ते वडिलांचे आणि आत्याबाईंचे मोठे भाऊ, देवासलाच राहतात, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"तिला आता एकटीला ठेवणं धोक्याचं आहे. घरमालकांना कळवलंय. या महिन्याअखेर खोल्या सोडायच्या. माझ्याकडे राहील. पुढच्या रविवारी तुझ्या गाडीने घेऊन ये. सामान फार नाही."

"त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? 'भाऊसाहेब, तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली."

आत्याबाई असं म्हणाल्या! ज्यांनी वडिलांना विचारलंसुद्धा नव्हतं, फक्त 'मी याला नेते' म्हटलं होतं!  माझ्या मनात आलं, आता मी काहीही केलं नाही तरी सगळं आपोआप होईल. रविवार येईल, गाडी धारला जाईल, त्या मागच्या सीटवर बसतील, खोल्यांना कुलूप लागेल. मला कुठलंही बटण दाबावं लागणार नाही. आणि मैदानावर आडवं झालेलं ते खोकं मला दिसलं.

"काका," मी म्हणालो, "त्यांना चक्कर आली नव्हती."

मग लिंबांसकट सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? आधी तिला सांग. घरमालकांना थांबवतो तोवर." आणि फोन ठेवला.

आत्याबाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही. आणि आमच्यात खरं बोलायची जागा पत्र हीच होती. बुधवारी शाळेतून आल्यावर लिहिलं, गुरुवारी सकाळी स्पीड पोस्टने टाकलं. काउंटरवरच्या माणसाने शिक्का मारेपर्यंत मी लिफाफ्याचं टोक धरून होतो. तो म्हणाला, "सर, छोड़ो तो सही." ते पत्र असं होतं.

आत्याबाई,

आज मायना लिहिलेला नाही. तो लिहिता लिहिता धीर सुटतो, हे मला माहीत आहे.

पूजेच्या दिवशी लिंबं फुटली होती. उजव्या चाकाखालचं पूर्ण आणि डाव्याखालचं अर्धं. तुम्ही डोळे उघडायच्या आत मी ती काढून खिशात घातली. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा ती खिशातच होती, आणि मी नाही म्हणालो.

गाडी डी मध्ये होती. हात जोडताना मी ब्रेकवरून पाय काढला. ही गाडी पाय काढला की चालू लागते. डॉक्टरीणबाईंनी मला हे सांगितलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असंही नाही. तुम्हाला गाडी आपल्याकडे आल्यासारखी वाटली, कारण ती आली होती. तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत. तुमचा तोल गेला नाही, मी तुम्हाला पाडलं.

मी का बोललो नाही, याला एकच उत्तर आहे. मी घाबरलो. तुम्ही ज्याला पीपलरावांहून आणलंत त्या माणसाने असं केलं, हे तुम्हाला कळेल म्हणून घाबरलो. भिंतीवरची रेघ पाहूनही मी पाणी पिऊन परत आलो. त्याची माफी मागायला मला शब्द सापडत नाही, आणि तुम्ही शिकवलेले सगळे शोधून पाहिले.

काकांना सांगितलं आहे. त्यांनी घरमालकांना थांबवलं आहे. खोल्या ठेवायच्या की सोडायच्या ते तुम्ही ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. मी डॉक्टरांकडे जाऊन खरं काय झालं ते सांगणार आहे, आणि ते म्हणतील तसं करू.

रविवारी मी येतो आहे, सामान न्यायला नाही. गाडी तलावापाशी लावीन, इंजिन बंद करून, किल्ली काढून, आणि तुमच्या दारापर्यंत पायी येईन. दार उघडायचं नसेल तर उघडू नका. मी थोडा वेळ ओट्यावर बसेन आणि जाईन. पुढच्या आठवड्यात पत्र येईलच.

पण उघडलंत, तर खाटेपासून दारापर्यंत भिंत न धरता या. चारच पावलं आहेत. फरशी हलत नाही, आत्याबाई. तेव्हाही ती हलली नव्हती. हलली ती गाडी.

तुम्ही आणलेला.